साडूंचा झिरो

शून्याचा शोध भारतानं लावला आणि उदार मनानं तो साऱ्या जगाला देऊन टाकला. अरबांना दिला, युरोपला दिला. माणूस चंद्रावर गेला तोसुद्धा आपल्याच शून्याच्या जोरावर. सांगलीच्या कृष्णामाई व्हॉल्व्ज कंपनीत मात्र हे शून्य फक्त सहा जणांना मिळालं होतं. त्या सहांत माझे साडू होते. मी नव्हतो.

आणि ते शून्य साडूंच्या टेबलावर नेऊन बसवायचं काम माझ्याकडे होतं.

"जरा डावीकडे घ्या, दिगंबरराव," वरून आवाज आला. मी टेबलाखाली पालथा पडून वायर ठोकत होतो. "उजव्या हातानं मी लिहितो ना. फोन डाव्या हाताला असला म्हणजे कसं, बोलता बोलता सही करता येते."

'कसली सही?' असं मी विचारलं. तोंडात खिळे होते, त्यामुळे वर फक्त "हं?" एवढंच पोचलं.

"ऑर्डरींवर हो. पर्चेसमध्ये दुसरं काय असतं?"

साडू हे नातं मोठं विचित्र आहे. भाऊ आपल्याला निवडता येत नाही, पण निदान तो आपल्याच आईबापांनी दिलेला असतो. साडू आपल्या बायकोच्या बहिणीनं निवडलेला असतो, आणि निभवायचा आपण. म्हणून दोन साडू एकमेकांशी जितक्या अदबीनं बोलतात तितक्या अदबीनं दोन वकील कोर्टातसुद्धा बोलत नाहीत. रमाकांत बापट हे माझ्या मेव्हणीचे, नीलाचे यजमान. मी तिची थोरली बहीण शैला हिचा नवरा. एकाच कंपनीत आम्ही दोघं. ते पर्चेस ऑफिसर, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, जिथं बोलावतील तिथं, बहुधा शिडीवर.

हे शून्य यायच्या आधी कंपनीत टेलिफोनचा बोर्ड होता. बोर्डावर इंदूताई बसायच्या, दोऱ्या या भोकातून काढून त्या भोकात खुपसायच्या, आणि बाहेर फोन करायचा तर मॅनेजरपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना "ताई, जरा लाइन द्या हो" असं अजिजीनं म्हणावं लागे. इंदूताई सगळ्यांना सारखंच ताटकळत ठेवायच्या. समता म्हणजे काय ते मी त्या बोर्डापाशी पाहिलं. मग कपाटाएवढं इलेक्ट्रॉनिक मशीन आलं आणि समता गेली. बाहेरून आलेले फोन तेवढे इंदूताई जोडून द्यायच्या. आतल्या आत सगळ्यांना सगळे नंबर लागायला लागले, पण बाहेरची लाइन पकडायची तर आधी शून्य फिरवायचं. आणि ते शून्य कुणाच्या फोनवर चालायचं, कुणाच्या नाही, हे मशीनला सांगून ठेवलेलं असे. सांगण्यासाठी एक गुप्त आकडा होता. तो आमचे मॅनेजर भडकमकरसाहेब यांनी स्वतःच्या डोक्यात ठेवला होता. तिथं मोकळी जागा पुष्कळ होती.

मशीनचं पुण्याला जाऊन शिक्षण मी घेतलं. भिंती मी फोडल्या, केबल मी ओढली, बॅटऱ्या मी मांडल्या, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा मी ओतला. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून डांबराच्या गोळ्यासुद्धा मीच टाकल्या. आणि साहेबांनी सहा जणांना झिरो दिला. 'ज्यांचं बाहेर काम आहे त्यांना.'

"झालं?" रमाकांतरावांनी विचारलं. मी टेबलाखालून निघण्याआधीच त्यांनी रिसीव्हर उचलला. "लागतोय का बघू या."

त्यांनी शून्य फिरवलं. देवापुढं फूल ठेवावं तसं. मग पुढचा नंबर फिरवला आणि मी ओळखला. मिरजेचा होता.

"हॅलो, डॉक्टर करमरकरांचं घर? वहिनी, मी बापट. वरच्या तात्या ओगल्यांना जरा बोलावता का? हो, धरतो." ते माझ्याकडे बघून हसले. "तात्यांना म्हटलं पहिला फोन करावा. वडीलधारे." थोड्या वेळानं त्यांचा चेहरा एकदम नम्र झाला. "तात्या, मी रमाकांत. स्वतःच्या टेबलावरून बोलतोय. हो, डायरेक्ट. झिरो मिळाला. काही नाही, सहजच. जेवलात का?" मग रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, "काही निरोप, दिगंबरराव?"

"हं," मी म्हणालो. खिळे अजून तोंडातच होते.

"दिगंबररावांनी नमस्कार सांगितलाय," ते फोनमध्ये म्हणाले.

माझा नमस्कार, त्यांच्या झिरोवरून. मी हातोडी उचलली आणि खाली आलो.

तात्या ओगले हे आमचे सासरे. मिरजेच्या तारघरात आयुष्य गेलं, तारमास्तर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांचे शब्द मोजून त्यांचे पैसे लावल्यामुळे असेल, स्वतःचे शब्दही ते मोजूनच खर्च करायचे. शैला सांगते, लग्नाआधी तिनं बी.ए. झाल्याची बातमी दिली तर तात्या म्हणाले, "कळलं." सासूबाई गेल्यावर ते डॉक्टर करमरकरांच्या माडीवर एकटे राहत. फोन खाली डॉक्टरांकडे. शेजाऱ्याच्या फोनवर बोलावून घ्यायचा नंबर तेव्हा पुष्कळांचा असे, त्याला पी.पी. नंबर म्हणत. आता डॉक्टरांचा मुलगा शिकून परत येणार होता, त्याला दवाखान्यासाठी माडी हवी होती. दसऱ्याच्या आत तात्यांना जागा सोडायची होती. दोन्ही मुली सांगलीत, दोघींच्या घरी जागा. कुणाकडे जायचं ते मी ठरवीन आणि कळवीन, मला कुणी विचारायचं नाही, असं तात्यांनी सांगून ठेवलं होतं.

मला ते माझ्या घरी हवे होते. कारण सांगतो, म्हणजे हसायला बरं.

माझे वडील मी चौथीत असताना गेले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी मिरजेला गेलो, तर तात्यांचा रेडिओ बंद. मी मागचं झाकण काढलं, एक टाका सुटला होता, तो डाग देऊन जोडला. रेडिओ लागला. तात्या उठले, चष्मा पुढं ओढून त्यांनी आत वाकून तो टाका पाहिला, आणि म्हणाले, "हात बरा आहे."

तीन शब्द. तारघरात 'हात' या शब्दाला फार किंमत असते. दूरच्या गावाहून कोण तार पाठवतोय हे ही माणसं नुसत्या टकटक करणाऱ्या हातावरून ओळखत. त्यानंतर तात्या मला कधी काही म्हणाले नाहीत. मला ते तीन शब्द पुरले होते. आणि आता रमाकांतराव दर दुपारी त्यांना फोन करत होते.

"नीला येऊन गेली," चार-पाच दिवसांनी एका संध्याकाळी शैला म्हणाली. ती गवार मोडत होती. गवारीचा आवाज जरा जास्तच येत होता.

"बरं."

"ह्यांना झिरो मिळाला म्हणाली. मला आधी वाटलं, चष्म्याचा नंबर गेला भाऊजींचा. मी म्हटलं, वा, गाजर खातात का? मग कळलं." गवार मोडली. "मशीन कुणी बसवलं?"

"मी."

"वायरी कुणी ओढल्या?"

"मीच की."

"परवा पाठीला बाम कुणी चोळला?"

"तू."

"मग ह्या घरात झिरो का नाही आला?"

मी ज्यांचं बाहेर काम आहे वगैरे समजावून सांगायला लागलो. तिनं शेंग मोडता मोडता हात थांबवला. "तात्या तिच्याकडेच जाणार बघा. तात्यांनी परवा भाऊजींना फोनवर उलट विचारलं म्हणे, 'तुम्ही जेवलात?' माझ्या आईला त्यांनी कधी विचारलं नाही हो जेवलीस का म्हणून." मग पुन्हा शेंग मोडत, "तुम्हाला एक फोन करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी भडकमकरसाहेबांपुढं उभा राहिलो.

"तुम्हाला झिरो?" साहेब म्हणाले. "ताम्हनकर, तुमचं बाहेर काय काम?"

"टेस्टिंगला लागतो, साहेब."

"टेस्टिंगला तुमच्याकडे तो चिमट्यांचा फोन आहे ना?"

"आहे."

"मग! अहो, तुम्ही आतले माणूस. कंपनीत तुमच्याइतकं आत दुसरं आहे कोण?"

हे खरं होतं. माझी टेलिफोन रूम जिन्याखाली होती. तिथं मशीन, बॅटऱ्या, मी, आणि माझ्या टेबलावर सदतीस नंबरचा फोन. त्यावरून कंपनीतल्या कुणाशीही बोलता येई, पण शून्य फिरवलं की तो कुत्र्याच्या पिल्लासारखा कुंई कुंई करायचा. सगळ्या कंपनीला बाहेर नेणारं मशीन माझ्या पाठीशी गुणगुणत होतं आणि मला मिरज लागत नव्हतं.

"बघू दिवाळीनंतर," साहेब म्हणाले.

दिवाळी दसऱ्यानंतर येते, हे साहेबांना कुणी सांगावं.

त्याच आठवड्यात सदतीस वाजला. "दिगंबरराव, बापट. तुमच्या मशीनमध्ये खरखर येते हो."

"कधी?"

"तात्यांशी बोलताना. बाकीच्यांना मी एवढं कान देऊन ऐकत नाही, त्यामुळे सांगता येत नाही."

आता तक्रार आली म्हटल्यावर लाइन ऐकून बघणं हे माझं कर्तव्य होतं. चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. मी दुपारी माझ्या चिमट्यांच्या फोनचे दोन्ही चिमटे रमाकांतरावांच्या तारांना लावले आणि कानाला लावून बसलो. खरखर होती. पलीकडून डॉक्टरीणबाईंची "ओ तात्याऽऽ" अशी हाक ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मग धापा.

"तात्या, मी रमाकांत. जेवलात का?"

"हो."

"काय होतं?"

"आमटी."

"औषध?"

"घेतलं."

"झोप लागते ना दुपारची?"

तात्या जरा थांबले. "लागली होती."

"वा वा, फार छान. दिगंबररावांचा फोन नसेल आला."

"नाही."

"नसणारच. त्यांना झिरो नाही ना."

"काय नाही?"

"झिरो, तात्या. म्हणजे बाहेर फोन करायची परवानगी. सगळ्यांना नसते ती."

"मुळीच करता येत नाही?"

"मुळीच."

तारेवर नुसती खरखर राहिली. मग तात्या म्हणाले, "असं."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी मात्र चिमटे तसेच धरून बसलो होतो. 'असं' हा शब्द मी त्याआधी हजारदा ऐकला असेल. पण तात्या शब्द फुकट खर्च करत नसत. या 'असं'मध्ये मला कीव दिसली. मग निराशा दिसली. चहाच्या वेळेपर्यंत त्यात मला तात्यांची ट्रंक दिसली, आणि ती रमाकांतरावांच्या घराच्या पायऱ्या चढत होती.

खरखरीचं कारण पर्चेसच्या बोळात भिंतीवरच्या डब्यात निघालं. आत पाल होती. तारांच्या जोडांवर अंग टाकून ऊब घेत पडली होती. ब्रशनं काढली, गेली. लाइनची खरखर थांबली. माझी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी काय केलं ते नीट सांगतो, कारण त्यात कारागिरी आहे. मशीनमधून प्रत्येक नंबराच्या दोन तारा निघून भिंतीवरच्या पाटीच्या खुंट्यांवर येतात. समोरच्या पाटीवर प्रत्येक टेबलाकडे जाणाऱ्या दोन तारा असतात. मधे वीतभर तार घालून मी त्या जोडलेल्या. तिला जंपर म्हणतात. मशीनला माणूस कळत नाही, त्याला खुंटी कळते. अमुक खुंटीला झिरो, तमुक खुंटीला कुंई कुंई. मी रमाकांतरावांच्या चोवीस नंबराचा जंपर उपसून माझ्या टेबलाला लावला आणि माझ्या सदतिसाचा त्यांच्या टेबलाला. बस्स. वर खिडकीशी फोन तोच, टेबल तेच, डाव्या हाताची सोय तीच. फक्त मशीनच्या लेखी दुसऱ्या मजल्यावर मी बसलो होतो आणि जिन्याखाली रमाकांत बापट.

मी डबा उघडला. रिसीव्हर उचलून शून्य फिरवलं. कुंई नाही. लांबलचक, गोल, भरदार सूर. सारी सांगली, सारं मिरज त्या सुरापलीकडे माझी वाट बघत होतं. मी तो थोडा ऐकला आणि रिसीव्हर खाली ठेवला. घाई कशाला? वरती आता कुंई चालू झालं असणार. मी झुणका-भाकरीचा मोठा घास घेतला आणि तात्यांना काय विचारायचं याचा विचार करू लागलो. 'जेवलात का' हे रमाकांतरावांचं झालं. 'औषध घेतलं का' हेही त्यांचंच. मला स्वतःचा प्रश्न हवा होता. मी शोधत होतो, आणि सापडत नव्हता.

फोन वाजला.

"बापटसाहेब," इंदूताई म्हणाल्या. "मिरजेहून तुमचे सासरे. देते हं."

"हं," मी म्हणालो. तोंडात भाकरी होती.

"रमाकांतराव, ऐका. मधे बोलू नका. डॉक्टरांचा फोन आहे, लांबवायचा नाही." तात्यांचा आवाज. खरखर नाही, काही नाही. अगदी कानात. "आज तुमच्याआधी मीच केला. निर्णय झाला. दसऱ्याला जागा सोडतो. दिगंबररावांकडे जाणार."

भाकरी जिथं होती तिथं थांबली.

"वाईट वाटून घेऊ नका. नीलाला समजवा. तुम्ही माणूस चांगले. पण दुपारी माझा डोळा लागतो. लागला की खालून डॉक्टरीणबाई ओरडतात. उठायचं. दुसऱ्याच्या घरी जायचं म्हणजे टोपी घालायची. जिना उतरायचा. तुम्ही विचारता जेवलात का. हो म्हणायचं. परत जिना चढायचा. झोप गेली. परवा मीच विचारलं तुम्ही जेवलात का. वाटलं, खूण समजेल."

"हं."

"तुमच्याकडे आलो तरी हेच. तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे. दिगंबररावांच्या शेजाऱ्यांकडेही आहे. पण त्यांना झिरो नाही. मुळीच करता येत नाही, तुम्हीच सांगितलंत. तिथं झोप होईल."

मी भाकरी गिळायचा प्रयत्न केला. आवाज झाला.

"रडू नका," तात्या म्हणाले. "अजून एक. त्यांना झिरो मिळाला तर मला ताबडतोब कळवा. फेरविचार करीन. संपलं."

तार संपली की ते 'संपलं' म्हणायचे. नंतर काही ऐकू यायचा प्रश्नच नसे.

तात्या माझ्याकडे येणार होते. ट्रंक, टोपी, रेडिओ, सगळं माझ्या घरी. आणि हाताबद्दल एक अक्षर नाही. माझी निवड झाली ती मी एक बंद फोन आहे म्हणून. तरी निवड झाली होती, आणि ती टिकवायची तर आधी भिंतीवरचे जंपर जागेवर जायला हवे होते. मी उठून पाटीपाशी गेलो, दोन्ही जंपर उपसले, तेवढ्यात दार उघडलं.

दारात रमाकांतराव. जिन्याखाली ते कधी आले नव्हते. वाकून आत येताना डोकं आपटलं, पण त्यांना कळलंही नाही.

"दिगंबरराव," ते म्हणाले, "माझा झिरो गेला."

"बसा."

ते बॅटऱ्यांच्या लाकडी फळीवर टेकले. "तिथं नका, तिथं अ‍ॅसिड असतं," मी म्हणालो. ते माझ्या डब्याशेजारी खुर्चीवर बसले. "खरं सांगा. साहेबांनी काढला ना? परवा त्या गास्केटच्या भावावरून ते मला बोलले होते. मी तेव्हाच ओळखलं. कुंई कुंई करतोय हो. शिपायासमोर केलं त्यानं कुंई कुंई."

"कुणी काढला नाही. मेंटेनन्स चाललाय." मी दोन्ही हातांतले जंपर दाखवले. "आत्ता येईल."

"नक्की?"

"नक्की."

मी चोवीस लावायला घेतला. ते बघत बसले. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब होता, पण हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. मी पहिली तार खुंटीत बसवली, दुसरी बसवली.

"हात बरा आहे," रमाकांतराव म्हणाले.

माझ्या हातातून सदतिसाचा जंपर पडला. "काय म्हणालात?"

"मी नाही, तात्या म्हणतात. मी रोज फोन करतो. जेवलात का, औषध घेतलंत का. पोटचा मुलगा करणार नाही हो. परवा म्हटलं, तात्या, नवीन मशीनवर आवाज कसा स्वच्छ येतो, नाही? तर म्हणाले, 'दिगंबररावांनी बसवलंय. हात बरा आहे त्यांचा.'" ते हसले, पण हसणं जमलं नाही. "मी म्हटलं, तात्या, फोन मी करतोय! तर म्हणाले, 'हो, ते कळतंय.'"

मी जंपर उचलायला वाकलो आणि थोडा वेळ वाकलेलाच राहिलो. ही तक्रार यायच्या आधीची गोष्ट असणार. मी चिमटे लावून ऐकलं ते एकच दिवस, आणि नेमका हा दिवस माझा हुकला होता.

"लग्न झाल्यापासून ऐकतोय," ते वरून म्हणाले. "दिवाळी आली की नीलाच्या माहेरी तो रेडिओ लागतो, आणि रेडिओ लागला की तात्या म्हणतात, दिगंबररावांनी केला. माझा हात त्यांनी कधी बघितलाच नाही." त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. सहीचा हात. बोटाला शाई होती.

इतकी वर्षं मला वाटत होतं, जळण्याचं काम आमच्या दोघांत मी एकटाच करतोय. एक नोकरी दोघांत वाटली गेलीय, हे मला तेव्हा कळलं.

"तात्यांचा फोन आला होता," मी म्हणालो. "तुमच्यासाठी. लाइन सुटलेली होती, इकडे लागला."

"काय म्हणाले?"

"दसऱ्याला येतायत. आमच्याकडे."

रमाकांतराव माझ्या डब्यातला झुणका बघत होते. मग मान हलवली. "कारण काही सांगितलं? हाताचंच म्हणाले असतील."

मी पटकन उरलेली भाकरी तोंडात घातली.

"हं," मी म्हणालो.

"वाटलंच." ते उठले, शर्ट झटकला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन साडूंच्यात असलं काही होत नाही, त्यामुळे दोघंही दचकलो. "एका अर्थी बरंच झालं. मला कालपासून खातच होतं. तुम्हाला झिरो नाही असं मी तात्यांना बोलून गेलो, तर ते नुसतं 'असं' म्हणाले. रागावले माझ्यावर, दुसरं काय. म्हणून आज सकाळी साहेबांकडे जाऊन बसलो. म्हटलं, साहेब, ज्यानं मशीन बसवलं त्यालाच झिरो नाही, हे कंपनीला शोभत नाही. चांगलं अर्धा तास भांडलो. शेवटी म्हणाले, बरं, देतो, आजच मशीनला सांगतो."

"आजच?" भाकरी अजून तोंडात होती.

"आजच! जेवण झालं की करतो म्हणाले, एव्हाना केलंही असेल. आता तात्या तुमच्याकडे असणार. दुपारी शेजाऱ्यांकडे फोन करून विचारपूस करता येईल, जेवलात का, झोपलात का. मी पण वरून करीनच. लावून तर बघा."

मी सदतिसाचा जंपर माझ्या टेबलाला लावला. माझा स्वतःचा, जुना, कुंई कुंई करणारा सदतीस. रिसीव्हर उचलला आणि शून्य फिरवलं. रमाकांतराव वाकून ऐकत होते.

लांबलचक, गोल, भरदार सूर आला.

"अभिनंदन," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरंच चमकत होते. "आता तात्यांनाच पहिला फोन करा. मी कळवू का त्यांना, झिरो मिळाला म्हणून?"

मी भाकरी गिळली. आता कुठं तोंड मोकळं झालं.

"रमाकांतराव," मी म्हणालो, "तुमचं साहेबांकडे वजन आहे. एक विनंती होती. जाता जाता तेवढा माझा झिरो काढून घ्यायला सांगाल का?"